चक्कर मारा, पण रोजच्या वाटेनं नको



पोळा सरला. कपाशी पात्या-फुलांवर आहे, काही वावरांत बोंडंही धरली. या दिवसांत जो तो सांगतो, "वावरात रोज चक्कर मारा." बरोबरच आहे. पण ती चक्कर आपण मारतो कशी? गाडी धुऱ्यापर्यंत, मग ठरलेली पायवाट, विहीर, मोटर चालू करायची आणि परत. पाय आपोआप चालतात, डोकं कर्जात नाहीतर मोबाईलमध्ये. त्याच दोन ओळी रोज बघायच्या; पलीकडचा कोपरा थेट वेचणीलाच दिसतो.

माझं मत असं की चक्करमध्ये थोडा खेळ पाहिजे. हसू नका, ऐका.

पहिला खेळ खड्याचा. वावरात शिरलं की डोळे मिटायचे आणि छोटा खडा खांद्यावरून मागे टाकायचा. पडेल तिथलं झाड तपासायचं. आपण स्वतः झाड निवडलं की नजर एकतर सगळ्यात चांगल्या झाडावर जाते, नाहीतर सगळ्यात वाईट. खड्याला कोणाची बाजू नसते. गुलाबी बोंडअळीसाठी शिफारस हीच आहे: वावरभर फिरून वेगवेगळ्या 20 झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून बघा. 2 बोंडांत अळी निघाली तर 10 टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. ही 20 झाडं रस्त्याकडचीच असली तर हिशोब खोटा, आणि फवारणीचा खर्च मात्र खरा.

दुसरा खेळ नाण्याचा. पांदण फुटते तिथं नाणं उडवायचं. छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे. कधी नाल्याकाठी निघाल, कधी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर. त्याच्याकडे डोमकळ्या दिसल्या तर उद्या आपल्याकडेही शोधायच्या. पतंगाला सातबारा कळत नाही. दोन गोष्टी बोलणंही होतं, नाहीतर बांधाच्या वादाशिवाय आपण शेजाऱ्याशी बोलतो कधी?

तिसरा खेळ लेकरांचा. सुट्टीच्या दिवशी नातीला पुढं घालतो. ती म्हणेल तिकडं जायचं, थांबेल तिथं थांबायचं. कपाशी तिच्या डोळ्यांच्या उंचीला येते, त्यामुळे पानाची खालची बाजू तिला वाकल्याशिवाय दिसते. तुडतुडे, पांढरी माशी बसतात तिथंच. "आबा, हा ठिपक्यांचा किडा कोणता?" म्हणाली की सांगायचं, हा ढालकिडा, मावा खातो, आपला गडी आहे. हे ज्याला लहानपणी कळलं, तो मोठेपणी किडा दिसला की लगेच पंप उचलणार नाही. मात्र नुकती फवारणी झालेल्या वावरात लेकरू नेऊ नका. गवतात पायात बूट आणि हातात काठी हवीच.

काही जण म्हणतील, कामाच्या दिवसांत हे चोचले कशाला? माझं म्हणणं उलटं आहे. कंटाळ्याची चक्कर चार दिवसांत बंद पडते. मग पाचव्या दिवसापासून दुकानदार सांगेल ते औषध. मजेची चक्कर हंगामभर टिकते, आणि टिकली तरच उपयोगाची. कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री रोज 8 पतंग आले की सावध व्हायचं, हे आपल्याला पाठ आहे. पण सापळ्यापर्यंत रोज पाऊल पोहोचलं तर ना!

कृषी सहायक साहेबांनाही विनंती: शेतीशाळेची सुरुवात धुऱ्यावरच्या भाषणानं नको, खडा टाकून करा. ज्याचा खडा जिथं पडेल, ते झाड त्याचं. पोरं तर येतीलच, म्हातारेही मागं राहणार नाहीत.

उद्या सकाळी निघताना खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा. तेवढाच खर्च आहे, आणि तो रुपयाही खिशातच राहतो.