ऑर्डर आता कोणाच्या हाती?

सुरतेच्या दक्षिणेस लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. सिद्दी नवाबांचे हे लहानसे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. आज तेथील औद्योगिक वसाहतीत कापड विणण्याचे व रंगविण्याचे कारखाने आहेत. खानदेशातून सुरतेकडे आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा चरितार्थ मागांवर चालतो. अशा घरातील एखादा तरुण चार यंत्रे घेऊन स्वतःचा धंदा मांडतो, तेव्हा आम्हांस त्याचे कौतुक वाटते. परंतु त्यास एक प्रश्न विचारावासाही वाटतो : तुझ्याकडे आलेली प्रत्येक ऑर्डर या घटकेस कोणाच्या हाती आहे, हे तुला सांगता येईल काय?

पहिल्या पाचदहा ऑर्डरी डोक्यात राहतात. पुढे राहत नाहीत. कापडाचे सारे काम एका छपराखाली क्वचितच होते. कोरे ताके रंगाईला एकीकडे, तर भरतकामाला दुसरीकडे जातात. घोटाळा होतो तो बहुधा माल एका हातातून दुसऱ्या हाती जाताना. मग गिऱ्हाइकास दिलेला शब्द मोडतो, पैसे अडकतात आणि कामगारांच्या मजुरीची ओढाताण होते.

यावरील उपाय मुंबईच्या डबेवाल्यांनी फार पूर्वीच दाखविला आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात एकच डबा वाटेत अनेक हातांतून जातो. तो चुकत नाही, कारण कोणत्या स्थानकावर उतरावयाचे, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर पोहोचवावयाचे, याची खूण डब्याच्याच झाकणावर असते. खूण माणसाच्या स्मरणात न ठेवता मालाबरोबर पाठवावी, हेच यातील मर्म होय.

नव्या उद्योजकाने एक जाड वही घ्यावी. प्रत्येक ऑर्डरीस एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक ताक्याच्या चिठ्ठीवर, चलनावर व बिलावर लिहावा. वहीत रकाने असावेत ते असे : क्रमांक, तारीख, गिऱ्हाईक, मालाचे वर्णन व नग, कबूल केलेला दिवस, सध्या कोणाकडे, पोहोचल्याची तारीख आणि पैसे. माल दाराबाहेर पडण्यापूर्वी नोंद व्हावी; संध्याकाळी आठवून लिहू नये. वीस ताके रंगाईला गेले व अठराच परत आले, तर उरलेल्या दोहोंचा हिशेब लागेपर्यंत ती ओळ मिटलेली समजू नये. रोज सकाळी पाच मिनिटे न मिटलेल्या ओळी वाचाव्यात आणि ज्यांचा दिवस जवळ आला आहे त्यांची चौकशी करावी. दोघांतिघांना एकाच वेळी वही पाहण्याची गरज पडू लागली, म्हणजे हेच रकाने मोबाइलवरील फुकट मिळणाऱ्या तक्त्यात उतरवावेत. त्यापूर्वी महागडी संगणकप्रणाली विकत घेण्याचे कारण नाही.

कायद्याचेही या शिस्तीस पाठबळ आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्याने जॉबवर्कला माल पाठविताना चलनाच्या तीन प्रती कराव्या लागतात : एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची व एक आपली. ही तिसरी प्रत वहीची साक्षीदार होय. तसेच २००६ च्या कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत व नसल्यास १५ दिवसांत चुकते करावयास हवेत. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. ती तारीख ज्याच्या वहीत नाही, त्याने कशाच्या आधारे मागणी करावी?

वहीस पन्नास-शंभर रुपये पडतील. खरा खर्च आहे तो नियमाचा. तो मालकाने स्वतःपासून सुरू करावा. मालक एक दिवस तोंडी माल सोडू लागला, की दुसऱ्या दिवशी नोकरही तेच करतो. दिलेला शब्द पाळण्याची इच्छा पुष्कळांस असते. तो कोणास व केव्हाचा दिला होता, हे लिहून ठेवणाऱ्यासच तो पाळता येतो.