हुरडा, कविता आणि झोपेची गोळी

थंडी वाढली की आमच्या कळमनुरीच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक खोकला-दम्याचे. दुसरे, "डॉक्टरसाहेब, करमत नाही, झोप लागत नाही, छातीत भरून येतं" असे सांगणारे वयस्कर लोक. तपासावे तर नाडी ठीक, कार्डिओग्राम ठीक. खोदून विचारले की कळते, दिवस मावळताच दार लावून पांघरुणात शिरायचे आणि पहाटे तीनपासून टक्क जागे. मुले पुण्याला. बोलायला कोणी नाही.

वाचकहो, याला नुसते म्हातारपण समजू नका. एकटेपणामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्र मानते. ब्रिटनने यासाठी 2018 साली मंत्री नेमला, जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये आयोग नेमला. आपल्याकडे सुरुवातीला हुरडा पुरे.

आम्ही चार-पाच घरे मिळून दरवर्षी शेतात हुरडा करतो. गोवऱ्यांची आगटी, गरम कणसे चोळून काढलेले दाणे, सोबत दही, जवसाची चटणी, नंतर पिठलं-भाकरी. आणि प्रत्येकाने एक कविता म्हणायची. स्वतःचीच पाहिजे असे नाही. शाळेतली चालते, अभंग चालतो, शेजारच्या चाचांचा उर्दू शेर तर हवाच. कवी फ. मुं. शिंदे आपल्याच तालुक्यातल्या रूपूरचे, 2014 च्या सासवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तेव्हा या तालुक्यात कवितेला लाजायचे कारण नाही.

गेल्या साली मी एका निवृत्त गुरुजींना बळेच नेले. पत्नी गेल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते. झोपेची गोळी मीच लिहून देत होतो, खोटे कशाला बोलू? अर्धा तास गप्प बसले. मग शाळेतली एक कविता चालीवर सुरू केली आणि मध्येच अडले. आगटीपलीकडून एकाने पुढची ओळ दिली. तो त्यांचाच विद्यार्थी, आता स्वतः साठीला आलेला! तेव्हापासून दोघे रोज संध्याकाळी फिरायला जातात. गोळी मी हळूहळू कमी करत बंद केली. (मनाने एकदम बंद करू नये.)

एक गोष्ट मात्र खटकते. पुरुष कविता म्हणतात आणि बायका चुलीपुढे भाकरी थापत बसतात. जात्यावरच्या ओव्या ज्यांना पाठ आहेत, त्यांनाच बोलावत नाहीत. भाकरी आधी घरून करून न्या, नाहीतर पुरुषांनी थापा.

आता पथ्य. दुपारी चारला बसा. म्हाताऱ्यांना सातच्या आत, कान बांधून घरी पोचवा, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. दमेकऱ्यांनी धुराच्या उलट बाजूला बसावे, पंप खिशात ठेवावा. मधुमेह्यांनी गूळ टाळावा, हुरडाही मूठभरच खावा. थंडीचे निमित्त करून बाटली आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. लाऊडस्पीकर, हारतुरे, प्रमुख पाहुणे यांना आमच्याकडे बंदी आहे.

यंदा गुरुजींनी वही घेऊन येतो असा निरोप धाडला आहे. वही चांगली जाडजूड आहे म्हणे. दोनच कविता, असे मी त्यांना आताच बजावून ठेवले आहे.