चिमणीतली चिमणी!

मराठीत एक मस्त घोळ आहे. धूर ओढते ती चिमणी आणि चिवचिव करते तीही चिमणीच. त्यामुळे ‘आमच्या चिमणीत चिमणीनं घरटं केलंय’ असं ऑफिसात सांगून बघा, निम्मी टीम खो-खो हसेल. हसून झालं की खरा प्रश्न उरतो. आता करायचं काय?

हा प्रॉब्लेम फक्त पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचा नाही बरं का! हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे आई-बाबा राहत असतील, तर फोनवर विचारून बघा. तिकडचं जुनं घर म्हणजे लाकडी माळवद, वर मातीचा थर आणि चुलीचा धूर जायला धुराडं. चूल रोज पेटायची, त्यामुळे धुराड्यात पाखरू टिकायचं नाही. ते राहायचं तुळयांच्या फटीत, नाहीतर भिंतीवरच्या फोटोमागे. पुढे गॅस आला. २०१६मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आणखी बऱ्याच घरांत चूल मागे पडली. धुराडं थंड झालं. नवं घर बांधलं ते स्लॅबचं, त्यात फट शोधूनही सापडत नाही. मग चिमणी-साळुंकीनं जायचं कुठे? थंड धुराड्यात, एक्झॉस्ट फॅनच्या भोकात, नाहीतर आपल्या किचन चिमणीच्या पाइपात!

घरटं दिसलं की पहिला विचार येतो, ‘काढून टाकू.’ थांबा! आत अंडी किंवा पिल्लं असतील, तर ती मरतील. शिवाय जागा उघडीच राहिली, तर जोडी पुन्हा काड्या आणायला लागेल. कायद्याचंही लक्षात ठेवा. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही येतं. उद्या ऑनसाइट अमेरिकेला गेलात, तर तिथेही सुटका नाही. तिकडची एक पाकोळी चक्क धुराड्यांतच घरटं करते, तिचं नावच ‘चिमणी स्विफ्ट’. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं तिला संरक्षण आहे. पिल्लं उडेपर्यंत घरमालकानं गप्प बसायचं!

आणि थांबायचं तरी किती? चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत उडून जातात. म्हणजे एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत! साळुंकीला पाच-सहा आठवडे लागतात, पारव्याला साधारण सात.

तोवर एवढं करा :

● नुसत्या काड्या यायला लागल्यात, अंडी नाहीत? मग त्याच दिवशी काड्या काढा आणि तोंड बंद करा.

● अंडी किंवा पिल्लं असतील, तर चिमणीच्या स्विचवर टेप लावा. पंखा फिरला तर पिल्लं जातील. शिवाय तेलकट पाइप आणि सुकं गवत एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण. खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक करा आणि भजी महिनाभर बाहेर खा!

● पिल्लं उडाली, घरटं रिकामं आहे याची खात्री झाली, की मास्क आणि हातमोजे घालून घरटं काढा. आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात जाणार नाही.

● पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला अर्ध्या इंचाची तारेची जाळी बसवा. मच्छरदाणीची बारीक जाळी नको, ती तेलानं चोंदते. गावाकडच्या धुराड्यालाही हीच जाळी चालेल.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. घरटं गॅस गीझरच्या धूर जाण्याच्या पाइपात असेल, तर गीझर लगेच बंद! पाइप तुंबला की कार्बन मोनॉक्साइड बाथरूममध्येच साचतो. त्याला ना रंग, ना वास. गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. पिल्लं उडून पाइप साफ होईपर्यंत पाणी दुसरीकडे तापवा. आई-बाबांकडे असा गीझर असेल, तर हे त्यांना आजच सांगा.

जाळी लागली की एक काम उरतं. आपण जागा बंद केली, तर दुसरी द्यायला हवी ना? साधी लाकडी पेटी घ्या, पुढे सव्वा इंचाचं गोल भोक ठेवा आणि बाल्कनीत उंचावर, सावलीत, मांजराचा हात पोचणार नाही अशी टांगा. एवढ्या भोकातून चिमणी जाते, पारवा नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१०पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, पण पेटी लावायला त्या तारखेची वाट बघू नका. या वीकेण्डला एक आपल्या बाल्कनीत लावा आणि पुढच्या खेपेला गावी जाताना आणखी एक बॅगेत टाका.