वजाबाकीतील संगती

प्राथमिक शाळेत वजाबाकीचा सराव होतो तो बहुधा सुट्या उदाहरणांतून. पाटीवर दहा उदाहरणे मांडावयाची, दहा उत्तरे काढावयाची आणि शिक्षकांनी बरोबर वा चूक अशी खूण करावयाची. या दहांचा परस्परांशी काहीच संबंध नसल्यामुळे उत्तर चुकले तरी ते मुलाला स्वतःला कळण्याचा मार्ग उरत नाही. निर्णय नेहमी दुसऱ्याच्या हाती! आठ-नऊ वर्षांच्या मुलाची गणिताविषयीची धास्ती पुष्कळदा येथेच मूळ धरते. तीच दहा उदाहरणे एका सूत्रात ओवून दिली, तर तेवढ्याच वेळात निराळे शिक्षण घडू शकते.

३१ मधून १३, ४२ मधून २४, ५३ मधून ३५, ६४ मधून ४६ अशी, अंकांची अदलाबदल केलेली उदाहरणे फळ्यावर द्यावीत. प्रत्येक वेळी १८ च उरतात. परंतु वर्गातील काही मुलांना प्रत्येक वेळी २२ मिळतील. एककातील १ मधून ३ जात नाहीत, म्हणून ही मुले ३ मधूनच १ काढून मोकळी होतात. त्यांच्या चुकीलाही संगती आहे; तेव्हा संगती दिसली म्हणजे उत्तर बरोबर, असे मानून चालत नाही. येथे शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. २२ म्हणणाऱ्यांनी १३ मध्ये २२ मिळवून पाहावेत. ३१ ऐवजी ३५ येतात. मग दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या व एक सुटी काडी घेऊन त्यांतून १३ काड्या काढाव्यात. एक जुडी सोडल्यावाचून गत्यंतर नाही, हे हातांनाच कळते, आणि हातचा घेणे म्हणजे काय याचा वेगळा खुलासा करावा लागत नाही.

पण १८ च का? जमिनीवर खडूने दोन घरे आखावीत, एक दशकाचे व एक एककाचे. ३१ साठी दशकाच्या घरात तीन चिंचोके व एककाच्या घरात एक ठेवावा. दशकाच्या घरातील एक चिंचोका एककाच्या घरात सरकविला की संख्येतून दहा जातात आणि एक येतो. म्हणजे नऊ कमी होतात. ३१ चे १३ करण्यास दोन चिंचोके सरकवावे लागतात, म्हणून १८. यानंतर ७४ मधून ४७ गेल्यास २७ उरतात हे मांडणी न करताच सांगणारी मुले वर्गात निघतील. त्यांना ‘कसे?’ एवढेच विचारावे.

मराठी मुलाला तर वजाबाकीची एक युक्ती भाषेनेच दिली आहे. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. हे नाव पाठ असते, अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो. ६४ मधून २९ काढावयाचे तर दोन्ही संख्या एकेकाने वाढवाव्यात; ६५ मधून ३० गेले, उरले ३५. दोन भावंडांच्या वयांतील अंतर जसे वर्षे लोटली तरी तेच राहते, तसेच हे. (नव्व्याण्णव या कुळातले का नाही, अशी पृच्छा मुलांकडून होईलच, ती स्वागतार्ह आहे.)

अभ्यासक्रम पुरा करावयाचा असता अशा खेळांना वेळ कोठून आणावा, हा आक्षेप नेहमीचा आहे. तो टिकत नाही, कारण उदाहरणांची संख्या येथे घटत नाही. देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ साली मांडलेली गंमत वरच्या वर्गांत अवश्य करून पाहावी. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७. ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते, आणि तेथे पोहोचण्यास सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. मध्ये एखादा हातचा चुकला तरी साखळी बहुधा ६१७४ वरच जाऊन थांबते, कारण चुकलेले उत्तर हाही एक नवा आरंभच ठरतो. म्हणून दोघादोघांनी एकाच संख्येपासून निघावे आणि दर पायरीला एकमेकांची पाटी ताडून पाहावी.