‘मी आहे ना, ताई!’

‘तुम्ही कशाला चकरा मारता, ताई? तारखेला मी आहे ना!’ वकीलसाहेब असं म्हणाले की किती हायसं वाटतं! एसटीचं भाडं वाचतं, कोर्टाच्या व्हरांड्यात सासरची माणसं समोर येत नाहीत. ओळखीतल्या एका ताईंनी या भरवशावर दीड वर्ष काढलं. घटस्फोटाचा अर्ज नवऱ्याचा. आपली कैफियत गेली असेल, पोटगीचा अर्ज चालू असेल, असं त्या धरून चालल्या. फोन केला की उत्तर एकच, ‘पुढची तारीख पडली.’ मग एक दिवस गावात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका आली. कोर्टात चौकशी केली, तर कैफियत दाखलच नव्हती आणि चार महिन्यांपूर्वी एकतर्फी हुकूमनामा होऊन बसला होता.

चार महिने म्हणजे किती, हे कायद्याच्या भाषेत बघा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवस, हिंदू विवाह कायद्याखाली अपिलाला ९० दिवस. ती मुदत अपिलाशिवाय गेली की नवरा दुसऱ्या लग्नाला मोकळा. आता आधी विलंब माफीचा अर्ज, मग बाकीचं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच म्हटलं होतं. पण नंतरच्या निकालांत हेही आलं की सगळं वकिलावर ढकलून सुटता येणार नाही. ‘दीड वर्ष तुम्ही स्वतः काय केलंत?’ हा प्रश्न कोर्ट विचारतंच.

मग अशा वकिलाचं करायचं काय? ग्राहक मंचात खेचू, असं पूर्वी सहज म्हटलं जायचं. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केलं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा तो निकाल. त्यातलं एक कारण मला फार विचार करायला लावतं. न्यायालय म्हणतं, वकील काम कसं करतो यावर पक्षकाराचं बऱ्यापैकी थेट नियंत्रण असतं. नियंत्रण! आपल्याकडे वकील ठरवतात मामा, फी देतो भाऊ, आणि जिचा संसार मोडतोय ती ऑफिसात शेवटच्या खुर्चीवर पदर सावरून बसते. तिने एक प्रश्न विचारला तरी तो मामांचा अपमान ठरतो. कायद्याने दिलेलं नियंत्रण तिच्या हातात येणार कसं?

आता उरली बार कौन्सिल. महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एक, मुंबईत. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तिथे तक्रार करता येते. ताकीद, काही काळ वकिली बंद, अगदी सनद जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण शिस्तपालन समितीत तीन जण, तिघेही वकील. वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. कागद पक्के असतील तर तक्रार जरूर करावी; मात्र त्याने तुमची पोटगी सुरू होत नाही, हे धरूनच.

म्हणून मला वाटतं, खरं काम आधीचं आहे. पहिल्याच दिवशी केसचा सीएनआर नंबर मागून घ्या. सोळा अक्षरं-अंकांचा असतो. ‘ई-कोर्ट्स’ ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते दिसतं. नोंद कधीकधी उशिरा चढते, म्हणून शंका आली तर कोर्टात जाऊन रोजनामा बघा. अंतरिम पोटगीचा अर्ज दिला का, हे तोंडी विचारू नका, त्याची प्रतच मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलं आहे. प्रत्यक्षात रेंगाळतो, पण अर्जच नसेल तर रेंगाळणार तरी काय? कोऱ्या कागदावर सही नको. आणि ‘पोटगी मिळाली की त्यातला इतका टक्का माझा’ असं कोणी म्हणालं, तर तशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाईच आहे.

विश्वास उडाला तर वकील बदलता येतो. जुन्या वकिलाची ना हरकत घ्यायची पद्धत आहे. ती मिळत नसेल तर वकीलपत्र रद्द करायला कोर्टाची परवानगी मागायची, तसा लेखी अर्ज द्यायचा. ‘आधी बाकी फी, मग फाईल’ ही धमकीही चालत नाही. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलं आहे. फी वसूल करायला त्याला दुसरे मार्ग आहेत.

एक मात्र सांगते. आपला वकील समोरच्या वकिलाबरोबर चहा पिताना दिसला की ‘फितूर झाला’ असा बोभाटा करू नका. एका बाररूममध्ये बसणारी माणसं चहा पिणारच. तारीख कुणी आणि का मागितली, कागद दाखल झाला की नाही, यावरून पारख करा.

नवीन वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही अडचण त्या ताईंनाही होती. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. नवरा कमावता असो की भाऊ, फरक पडत नाही. तालुका विधी सेवा समितीचं काम कोर्टाच्या आवारातूनच चालतं. ताईंनी तिथेच अर्ज दिला. विलंब माफीचा अर्ज आता दाखल झाला आहे, हुकूमनाम्याला स्थगितीही मागितली आहे. नवऱ्याकडून म्हणणं यायचं आहे.