मासा मरत नाही, म्हणून खाद्य चांगले?

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी फिरताना आपल्याला पाण्याचा पृष्ठभाग तेवढा दिसतो. छत्तीसगडमधील गावतळ्यांच्या मत्स्यपालनाकडेही आपण असेच वरवर पाहतो. मासळी किती टन निघाली हे विचारतो. तिला काय खाऊ घातले, हे विचारत नाही.

रोहू-कटल्याचे पारंपरिक खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि तेलबियांची पेंड. पावसाळ्यात पोती ओलावली की त्यांत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करू शकते. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या दूषित पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा छडा लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील संवर्धन केंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या कर्करोगाने ग्रासले. तेथे दोषी ठरली ती सरकीची दूषित पेंड.

आपले कार्प मासे ट्राउटपेक्षा काटक आहेत, आणि खरा धोका इथेच आहे. मासा लगेच मरत नाही. त्याचे यकृत बिघडते, वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती घटते. पुढे एखाद्या जिवाणूने तो दगावला, की दोष पाण्याला दिला जातो.

युरोपीय संघात पशुखाद्याच्या घटकांसाठी अफ्लाटॉक्सिन बी-1ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका टनात अवघे 20 मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी! शिवाय बुरशी पोत्यात सर्वत्र सारखी पसरत नाही. त्यामुळे एका मुठीच्या तपासणीवर विसंबता येत नाही. पोत्याच्या अनेक भागांतून नमुने घ्यावे लागतात. उन्हात वाळवून बुरशी मरेल, पण तयार झालेले विष उरतेच.

‘खराब पेंड फेकून द्या’ असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु ज्याने उधारीवर पोते आणले, त्याने ते कोणत्या बळावर फेकावे? 2020च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा 20,050 कोटी रुपयांचा होता. माझे मत स्पष्ट आहे: उत्पादनवाढीच्या अशा प्रत्येक योजनेत कोरडी गोदामे आणि खाद्याची मोफत तपासणी अनिवार्य असावी. तो भुर्दंड मच्छीमाराच्या माथी मारू नये.

विद्यार्थिमित्रांनो, अतिनील प्रकाशात अफ्लाटॉक्सिन बी निळे आणि जी हिरवे चमकते; त्यांच्या नावांतील अक्षरे ‘ब्लू’ आणि ‘ग्रीन’ या शब्दांवरूनच आली. थर-वर्णलेखनाने ते वेगळे करून पाहण्याची पद्धत अनेक महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. मार्गदर्शक शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि मुखपट्टी वापरून, आपल्या गावच्या खाद्याचे नमुने तपासता येतील का? तळ्यावर काय घडते आहे, हे कळण्याची सुरुवात तिथून होईल.