सापांच्या प्रदर्शनी छायाचित्रणावरील वाद

सापांच्या प्रदर्शनी छायाचित्रणावरील वाद हा साप पाळणारे हौशी, सर्पमित्र, निसर्ग छायाचित्रकार, प्राणीकल्याण कार्यकर्ते आणि वनविभाग यांच्यातील मतभेदाचा विषय आहे. सापाला टोपी वा कापड घालून, हळद-कुंकू लावून किंवा फुले वाहून, गळ्यात गुंडाळून, हातात धरून अथवा आकर्षक फांदीवर हलवून त्याची छायाचित्रे व चित्रफिती काढणे योग्य आहे का, हा या वादाचा मुख्य प्रश्न आहे. महाराष्ट्रात भारतीय साप पाळण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पाळीव सापांपुरता मर्यादित असलेला परदेशातील हा वाद येथे मुख्यतः वस्तीतून पकडलेल्या आणि पुन्हा निसर्गात सोडावयाच्या सापांशी जोडला गेला आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसारख्या, जंगलालगत झपाट्याने वाढलेल्या शहरांमध्ये या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सापाला सजवण्याची प्रथा छायाचित्रणापेक्षा जुनी आहे. नागपंचमीला नागाच्या प्रतिमेची किंवा मातीच्या नागाची पूजा सर्वत्र होते; मात्र गारुडी दारोदार जिवंत नाग आणत आणि त्याच्या फणीवर हळद-कुंकू वाहिले जाई. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक करण्याची परंपरा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तेथील जिवंत नागांची पूजा व प्रदर्शन बंद झाले. २०२५ च्या नागपंचमीच्या वेळी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडण्यास सशर्त परवानगी दिली. मिरवणूक, स्पर्धा व मनोरंजन यांना मनाई कायम राहिली. शिक्षण आणि प्रदर्शन यांत शासनाने येथे जी रेषा आखली, तिच्यावरच प्रस्तुत वादही उभा आहे.

दुसरी परंपरा प्रबोधनाची आहे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत वास्तव्य केले. साप विनाकारण हल्ला करत नाही, हे लोकांना दाखवणे हा त्यामागील हेतू होता. पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कात्रज येथे सर्पोद्यान सुरू झाले. शाळा-महाविद्यालयांत जिवंत साप दाखवून व्याख्याने देण्याची पद्धत नंतर राज्यभर रूढ झाली आणि सर्पमित्रांच्या अनेक पिढ्या तिच्यातून घडल्या. दिसता क्षणी साप मारण्याची सवय कमी होण्यात या प्रात्यक्षिकांचा वाटा असल्याचे जुने सर्पमित्र मानतात. कॅमेरा असलेले मोबाइल व समाजमाध्यमे आल्यावर हेच प्रात्यक्षिक सभागृहातून पडद्यावर गेले आणि प्रेक्षकांवर व हेतूवर असलेले नियंत्रण सैल झाले.

वसई-विरारमधील स्थिती

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. शहराच्या पूर्वेस तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्याचे डोंगर, उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्रकिनाऱ्यालगतच्या बागायती वाड्या आहेत. नालासोपारा व विरारच्या पूर्व भागातील वसाहती डोंगरउतार, भातखाचरे व पाणथळ जागा यांना भिडल्या आहेत. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यावर साप कोरड्या जागेच्या शोधात इमारतींच्या तळमजल्यांवर, पार्किंगमध्ये व चाळींत येतात. उंदीर व बेडूक यांची मुबलकता हेही त्यामागील एक कारण आहे.

या परिसरात नाग, घोणस, मण्यार, धामण, दिवड, कवड्या, तस्कर आणि अजगर हे साप आढळतात. डोंगराळ भागात हिरवा चापडाही दिसतो. साप दिसल्यावर रहिवासी अग्निशमन दल, वनविभाग किंवा परिचित सर्पमित्राशी संपर्क साधतात. सर्पमित्र घरी पोहोचेपर्यंत सहसा बघ्यांची गर्दी जमलेली असते आणि अनेकांचे मोबाइल सुरू असतात. सापाला थेट पिशवीत घालावे की थोडा वेळ हातात धरून लोकांना दाखवावे, हा निर्णय सर्पमित्राला याच क्षणी घ्यावा लागतो.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत प्राण्याला ठार मारण्याबरोबरच त्याला पकडणे व सापळ्यात अडकवणे यांचाही समावेश आहे. शिक्षण, संशोधन किंवा सर्पविषाच्या संकलनासाठी साप पकडण्यास स्वतंत्र लेखी परवानगी लागते. वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता मानली जाते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण व दिवड हेही अजगराप्रमाणे पहिल्या अनुसूचीत आले. या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.

या अधिनियमात पकडलेल्या सापाच्या छायाचित्राविषयी स्वतंत्र तरतूद नाही. कायदा प्राणी पकडण्याची व ताब्यात ठेवण्याची दखल घेतो. परिणामी सर्पमित्राने काढलेले छायाचित्र स्वतः गुन्हा ठरत नसले, तरी साप किती वेळ आणि कोणत्या कारणासाठी जवळ ठेवला होता, याचा पुरावा ठरू शकते. छायाचित्रासाठी साप घरी नेणे किंवा दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवणे यांचा अर्थ सुटकेपेक्षा वेगळा लावला जातो.

विदेशी सापांची स्थिती निराळी आहे. बॉल पायथन या आफ्रिकी अजगराला आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान आहे. अशा प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. अमेरिकी कॉर्न स्नेक या करारात नसल्याने त्याला ही नोंदणी लागू होत नाही. त्यामुळे एकाच घरातील दोन सापांची कायदेशीर स्थिती वेगळी असू शकते आणि छायाचित्र पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही.

प्राण्यांच्या प्रदर्शनाचे नियमन प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये आहे. त्यातील ‘प्रदर्शन’ ही संकल्पना तिकीट लावून होणाऱ्या खेळांभोवती रचलेली आहे. चित्रपटात प्राणी वापरण्यासाठी भारतीय पशु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. परंतु घरात मोबाइलवर चित्रित होऊन लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचणाऱ्या चित्रफितीचा विचार १९६० च्या चौकटीत झालेला नाही.

मतभेदाचे मुद्दे

सजावट व वेशभूषा

परदेशातील सरीसृप पाळणाऱ्यांमध्ये लोकरीच्या छोट्या टोप्या घातलेल्या सापांची छायाचित्रे लोकप्रिय आहेत. टोपी हलकी असावी, बांधलेली नसावी आणि काही सेकंदांत काढावी, एवढी काळजी घेतल्यास सापाला इजा होत नाही आणि लोकांच्या मनातील भीती कमी होते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. विरोधकांच्या मते नळीसारख्या कापडात साप अडकू शकतो, खवले धाग्यात गुंततात, तसेच भक्ष्याचा वास लागलेले कापड साप गिळू शकतो. कात टाकण्यापूर्वी सापाच्या डोळ्यांवरील आवरण दुधाळ होते व त्याला नीट दिसत नाही. या काळात हाताळणे टाळावे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. जेवणानंतर लगेच हाताळल्यास साप भक्ष्य ओकून टाकतो, हेही सर्वमान्य आहे.

महाराष्ट्रात याच स्वरूपाचा आक्षेप हळद-कुंकवावर घेतला जातो. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे फणीवर टाकलेली पूड डोळ्यांत गेल्यास तो ती झटकू शकत नाही. दूध हा सापाचा आहार नाही. खेळासाठी तहानलेल्या ठेवलेल्या नागाला दूध पाजल्यास ते श्वसनमार्गात जाण्याचा धोका असतो.

सापाच्या वर्तनाचा अर्थ

सापाच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. त्यामुळे स्थिर बसलेला साप शांत आहे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. बॉल पायथन भयभीत झाल्यावर डोके मध्ये घेऊन शरीराचा गोळा करतो. फणा काढलेला नाग ‘डोलतो’ असे प्रेक्षकांना वाटते. प्रत्यक्षात ती बचावाची मुद्रा असते आणि तो समोरच्या हालचालीवर लक्ष ठेवून असतो. ज्या मुद्रेमुळे छायाचित्र आकर्षक ठरते, ती बहुधा सापाच्या अस्वस्थतेचीच खूण असते, हा विरोधकांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद आहे. माणसाच्या हाताळणीला सरावलेला पाळीव साप आणि नुकताच पकडलेला वन्य साप यांची तुलना करू नये, असे उत्तर हौशी पालक देतात. हे उत्तर पाळीव सापांपुरते ग्राह्य धरले, तरी सुटका केलेल्या वन्य सापांना ते लागू पडत नाही.

ओळखीचे छायाचित्र

छायाचित्रणास सरसकट विरोध करणारे सर्पमित्र थोडे आहेत. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात रहिवाशांची नेहमी गल्लत होते. मण्यारीच्या पाठीवरील आडवे पट्टे डोक्याकडे विरळ होत जातात व पाठीच्या मध्यावर षटकोनी खवल्यांची मोठी ओळ असते, तर कवड्याचे पट्टे मानेजवळूनच सुरू होतात. ही ओळख पटण्यासाठी संपूर्ण शरीराचे, विशेषतः पाठीचे, सुरक्षित अंतरावरून घेतलेले छायाचित्र पुरेसे असते. प्रदर्शनी छायाचित्रात मात्र भर डोक्यावर, उघड्या जबड्यावर किंवा माणसाच्या चेहऱ्याशेजारी असलेल्या फणीवर असतो. त्यामुळे दिसायला प्रभावी असलेले हे छायाचित्र ओळखीच्या दृष्टीने अनेकदा निरुपयोगी ठरते.

रानातील छायाचित्रण

पश्चिम घाटात पावसाळी रात्री साप व बेडूक शोधण्यासाठी येणाऱ्या छायाचित्रकारांवर चापड्यासारखे साप काठीने उचलून सोयीच्या फांदीवर ठेवल्याचा आक्षेप घेतला जातो. चापडा भक्ष्याची वाट पाहत दीर्घ काळ एकाच जागी बसतो. त्याला हलवल्यास ती शिकारीची जागा सुटते. येथे सजावट नसली, तरी दृश्याची मांडणी हा समान धागा आहे.

मानवी जीविताचा प्रश्न

वादाची सर्वांत गंभीर बाजू सर्पदंशाची आहे. २०१७ मध्ये नवी मुंबईत नागाचे चुंबन घेताना झालेल्या दंशाने एका तरुण सर्पमित्राचा मृत्यू झाला. मार्च २०२२ मध्ये कर्नाटकातील शिरसी येथे तीन नागांसमोर चित्रफीत करणाऱ्या तरुणाच्या गुडघ्याला दंश झाला, तो बचावला. जुलै २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील गुना जिल्ह्यात नाग गळ्यात घालून दुचाकीवर निघालेल्या अनुभवी सर्पमित्राचा दंशानंतर मृत्यू झाला.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. यातील बहुतांश मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. भारतात उपलब्ध असलेली बहुगुणी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर प्रभावी आहे; चापड्याच्या विषाचा तिच्यात समावेश नाही. पालघर जिल्ह्यातीलच डहाणू तालुक्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेने डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि गावपातळीवरील प्रबोधन यांचे काम केले आहे. दंशानंतर वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हा त्याचा गाभा आहे. निर्भयपणे साप हाताळणारी व्यक्ती पाहून किशोरवयीन प्रेक्षक अनुकरण करतात आणि अशा प्रबोधनाला छेद जातो, असे विरोधक म्हणतात.

समाजमाध्यमांची भूमिका

इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१७ पासून वन्यप्राण्यांच्या शोषणाशी संबंधित शोधशब्दांवर सूचना दाखवण्यास सुरुवात केली. यूट्यूबने २०२१ मध्ये प्राण्यांना मुद्दाम संकटात टाकून केलेल्या बनावट सुटकेच्या चित्रफितींवर बंदी घातली. तथापि, खऱ्या सुटकेनंतर लांबवलेले प्रदर्शन या नियमांत स्पष्टपणे बसत नाही. अनेक सर्पमित्रांना या कामाचे नियमित मानधन मिळत नाही. पेट्रोल, साधने व उपचार यांचा खर्च ते स्वतः करतात. चित्रफितींतून मिळणारी ओळख, देणग्या व उत्पन्न यांवर टीका करताना ही आर्थिक बाजू दुर्लक्षिली जाते, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

प्रशासकीय उपाय

केरळच्या वनविभागाने २०२० मध्ये साप पकडणाऱ्यांसाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र बंधनकारक केले आणि ‘सर्प’ हे मोबाइल अॅप सुरू केले. त्याच राज्यातील लोकप्रिय सर्प पकडणारे वावा सुरेश यांना जानेवारी २०२२ मध्ये नागाचा गंभीर दंश झाल्यावर हाताने साप धरण्याच्या पद्धतीवर व्यापक चर्चा झाली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये मानव-सर्प संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आकडी, नळी व पिशवी वापरून सापाला हात न लावता पकडण्याच्या पद्धतीचा पुरस्कार आता तज्ज्ञ करतात. या पद्धतीत हातात साप धरलेले छायाचित्र मुळातच संभवत नाही.

महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र व १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले. मान्यतेच्या या प्रश्नामुळे वादाला नवे वळण मिळाले आहे. शासनाचे ओळखपत्र बाळगणारी व्यक्ती शासनाच्या ताब्यातील प्राणी हाताळत असेल, तर सुटकेचे छायाचित्र ही तिची खासगी बाब राहत नाही. जागा, वेळ, प्रजाती आणि मुक्ततेची नोंद ठेवणारे छायाचित्र त्या कामाचा दस्तऐवज ठरू शकते. तोच साप आणि तोच मोबाइल असला, तरी पकडणे व सोडणे यांमधील वेळ लांबवून काढलेले छायाचित्र त्या मान्यतेलाच बाधा आणते. वसई-विरारसारख्या शहरात पावसाळ्यात मदतीसाठी येणारे दूरध्वनी पाहता सर्पमित्रांची गरज वादातीत आहे. मतभेद उरतो तो पिशवीत जाण्यापूर्वी साप किती वेळ लोकांसमोर ठेवावा, यापुरता.